वांतिरोधके

वांतिरोधके : मळमळ (हृल्लास, उत्क्लेश) व वांती (ओकारी, छर्दी) यांना प्रतिबंध करणाऱ्या किंवा त्या सुरू झाल्यावर थांबविणाऱ्या औषधांना वांतिरोधके म्हणतात. ही औषधे मूळ विकार बरा करीत नाहीत; वांती घडवून आणणाऱ्या तंत्रिकामार्गात (मज्जामार्गात) कोठेतरी अडथळा आणून ती लक्षण तेवढे दूर करतात. सर्व प्रकारच्या वांतीवर चालेल असे एकच औषध त्यामुळे नाही. बोट लागण्यावर गुणकारी असलेले औषध कर्करोगावरील रासायनी चिकित्सेमुळे होणाऱ्या वांतीवर फारसे उपयोगी पडत नाही. तसेच रासायनी चिकित्सेत ज्या औषधाने क्रांती घडविली ते घाटातील प्रवासात जवळजवळ निरुपयोगी ठरते. या भेदाचे कारण वांतीच्या यंत्रणेत आहे.

वांतीची यंत्रणा : दूषित अन्न किंवा विष शरीराबाहेर टाकणे हा वांतीचा मूळ हेतू असून त्या दृष्टीने ती एक संरक्षक प्रतिक्षेपी क्रिया आहे. प्रथम तोंडाला पाणी सुटते, चेहरा फिकट पडतो, घाम येतो व नाडी जलद होते. जठराच्या लयबद्ध विद्युत् क्रियेची नेहमीची गती मिनिटाला सुमारे ३ तरंग इतकी असते. मळमळीच्या वेळी ही लय बिघडते. नंतर खोल श्वास घेतला जाऊन कंठद्वार बंद होते, मध्यपटल व उदराचे स्नायू एकदम जोराने आकुंचन पावतात आणि जठरातील पदार्थ ग्रासनलीतून वर फेकले जातात. जठर स्वतः आकुंचन पावून अन्न बाहेर ढकलते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः या क्षणी ते बव्हंशी शिथिल असते आणि त्याच्यावर बाहेरून दाब पडतो.

या सर्व हालचालींचा मेळ मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत घातला जातो. तेथे एक निश्चित ‘वांती केंद्र’ असल्याचे पूर्वी मानीत असत. हर्बर्ट बॉरिसन व वांग या शास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे या केंद्राखेरीज एक स्वतंत्र संवेदनाक्षेत्र उजेडात आले. चौथ्या मस्तिष्कगुहेच्या तळाशी असलेल्या या क्षेत्रातील केशवाहिन्यांना नेहमीचा रक्त-मस्तिष्क रोध नसतो. त्यामुळे रक्तात आलेले विष वा औषध तेथील कोशिकांना (पेशींना) सहज जाणवते. हे क्षेत्र म्हणजे रक्ताची चव घेणारी चौकीच होय. वांती केंद्र मात्र एखाद्या बिंदूत सामावलेले नसून लंबमज्जेतील अनेक तंत्रिका कोशिकासमूहांचे जाळे आहे, असे आता मानले जाते.

या जाळ्याकडे चार दिशांनी संदेश येतात. पहिला मार्ग वरील रासायनिक संवेदनाक्षेत्राचा. दुसरा जठर व आतडी यांचा : आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट कोशिका क्षोभ झाल्यावर सेरोटोनीन हे द्रव्य सोडतात आणि प्राणेशा तंत्रिका त्याची वार्ता मेंदूकडे नेते. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनीन आतड्यात असते हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. तिसरा मार्ग अंतर्कर्णातील समतोल राखणाऱ्या इंद्रियाचा, आणि चौथा प्रमस्तिष्काचा, म्हणजे किळसवाणे दृश्य, दुर्गंधी, भीती किंवा नुसती आठवण यांचा. प्रत्येक मार्गावर संदेश वाहणारी रसायने निराळी आहेत. अंतर्कर्णाच्या मार्गावर हिस्टामीन व ॲसिटिलकोलीन, रासायनिक क्षेत्रात मुख्यतः डोपामीन, आतड्याच्या मार्गावर सेरोटोनीन आणि लंबमज्जेतील अखेरच्या टप्प्यावर ‘पी’ द्रव्य यांचे महत्त्व अधिक आहे. या रसायनांना त्यांच्या ग्राहींवर (कोशिकेवरील स्वीकारक रचनांवर) बसू न देणे हेच बहुतेक वांतिरोधकांचे कार्य होय.

मळमळ ही मात्र केवळ प्रतिक्षेपी क्रिया नव्हे. ती एक जाणीव आहे आणि जाणीव मोजता येत नाही, रुग्ण सांगेल तेवढीच कळते. प्राण्यांवरील प्रयोगांत तर ती कळण्याचा थेट मार्गच नाही. प्रयोगशाळेतील नेहमीचा प्राणी जो उंदीर त्याला वांती होतच नाही. म्हणून या विषयावरील संशोधन कुत्रा, मांजर व फेरेट यांच्यावर करावे लागले. घरोघर फिरणारी चिचुंदरी मात्र ओकते (ती उंदराच्या नव्हे, तर कीटकभक्षी प्राण्यांच्या कुळातील आहे) आणि हलविल्यास तिला ‘गाडी लागते’, असे जपानी संशोधकांनी १९८७ च्या सुमारास दाखवून दिल्यापासून या उपेक्षित प्राण्याला औषधशास्त्रात मानाचे स्थान मिळाले आहे. वांती थांबविणारी औषधे पुष्कळ व मळमळ थांबविणारी थोडी, ही आजची परिस्थिती काही अंशी या अडचणीतून उद्‌भवलेली आहे.

प्राचीन व घरगुती उपाय : चरकसंहितेत छर्दीचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक हे चार दोषांवर आधारलेले आहेत. पाचवा प्रकार किळसवाण्या व नकोशा विषयांशी संबंध आल्यामुळे होणाऱ्या छर्दीचा आहे. मन व इंद्रिये यांच्याद्वारे होणाऱ्या वांतीला निराळे स्थान देणारे हे वर्गीकरण आजच्या विचाराशी बरेच जुळणारे आहे. त्याच ग्रंथात छर्दी थांबविणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण दिला असून त्यात आंब्याची व जांभळाची कोवळी पाने, महाळुंग, डाळिंब, वाळा, लाह्या इत्यादींचा समावेश आहे. यांतील कित्येक द्रव्ये आंबट वा तुरट आहेत. लाह्यांचे पाणी घोटघोट देण्याच्या प्रथेत वांतीने गेलेले पाणी भरून काढण्याचा व्यवहारही नकळत साधला जात असावा. महाराष्ट्रात आल्याचा रस व लिंबू, आलेपाक, वेलदोडा, लवंग, कोकमाचे सार, आवळासुपारी हे उपाय घरोघर परिचयाचे आहेत. मोराच्या पिसाची राख मधातून देण्याचा उपायही आयुर्वेदात सांगितलेला असून तो उचकीवरही वापरला जाई.

या सर्वांत आल्याची परीक्षा आधुनिक पद्धतीने सर्वांत अधिक झाली आहे. आल्यातील जिंजेरॉल व सुंठीतील शोगाओल ही तिखट द्रव्ये आतड्यातील सेरोटोनीन ग्राहींवर काही प्रमाणात रोधक परिणाम करतात. गर्भिणींना दररोज सुमारे १ ग्रॅ. सुंठ विभागून दिल्यास मळमळ कमी होते, असे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे; वांतीच्या संख्येवर तिचा परिणाम त्या मानाने कमी आढळतो. प्रवासातील मळमळीच्या बाबतीत पुरावा एकसारखा नाही.

प्रवासजन्य वांती : मळमळ या अर्थाचा ‘नॉसिया’ हा पाश्चात्त्य वैद्यकातील शब्द जहाज या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. मुंबई व कोकण किनाऱ्यावरील बंदरांमधील आगबोटींच्या काळात ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला आणि आगबोटी गेल्यावर घाटातील मोटारीने त्याची जागा ‘गाडी लागणे’ या प्रयोगाला दिली. डोळे, स्नायू व अंतर्कर्ण यांच्याकडून मेंदूला मिळणारी वार्ता परस्परविरोधी असली म्हणजे हा विकार उद्‌भवतो. मोटारीत वाचत बसलेल्या माणसाचे डोळे स्थैर्य सांगतात, तर अंतर्कर्ण प्रत्येक वळण सांगतो. अंतर्कर्णाचे कार्य नष्ट झालेल्या मूकबधिरांना बोट लागत नाही, याकडे विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १८८२ मध्येच लक्ष वेधले होते. गाडी चालविणाऱ्याला ती सहसा लागत नाही, कारण पुढील वळणाची त्याला आधीच कल्पना असते. म्हणून पुढच्या आसनावर बसणे, दूर क्षितिजाकडे पाहणे, डोके टेकवून स्थिर ठेवणे, वाचन टाळणे व अगदी उपाशीपोटी किंवा भरपेट प्रवास न करणे हे साधे उपाय औषधाआधी करून पाहण्यासारखे आहेत.

या विकारावरील सर्वांत प्रभावी औषध हायोसीन (स्कोपोलामीन) हे आहे. ते बेलाडोना, धोतरा इ. सोलॅनेसी कुलातील वनस्पतींत आढळणारे अल्कलॉइड असून ॲसिटिलकोलिनाच्या कार्याला विरोध करते. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्गे उतरविल्या जाणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी त्याचा उपयोग करण्यात आला. किनाऱ्यावर पाय ठेवताच लढावयाचे असलेल्या सैनिकाला बोट लागणे परवडणारे नव्हते. तोंडाने घेतल्यास त्याचा परिणाम काही तासच टिकतो. ही अडचण दूर करण्यासाठी कानामागे त्वचेवर चिकटविण्याची औषधी पट्टी तयार करण्यात आली व १९७९ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. या पट्टीतून तीन दिवसांत सुमारे १ मिग्रॅ. औषध त्वचेतून हळूहळू शोषले जाते. तोंडाला कोरड, अंधुक दिसणे, झापड आणि वृद्धांमध्ये लघवी तुंबणे व मनाचा गोंधळ उडणे हे तिचे दुष्परिणाम आहेत. पट्टीला लागलेला हात डोळ्याला लागल्यास बाहुली विस्फारते. धोतऱ्याच्या बियांत हेच अल्कलॉइड असले, तरी त्याचे प्रमाण प्रत्येक झाडात वेगळे असते आणि विषबाधेची मात्रा फार दूर नसते. धोतरा घरगुती औषध म्हणून कधीही वापरू नये.

हिस्टामीनविरोधी औषधांचा या क्षेत्रातील प्रवेश योगायोगाने झाला. अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे गे व कार्लिनर हे वैद्य १९४७ मध्ये एका नव्या औषधाची पित्ताच्या गांधींवर चाचणी घेत होते. गांधींसाठी हे औषध घेणाऱ्या एका गर्भवती स्त्रीला ट्रॅमच्या प्रवासात नेहमी होणारा त्रास औषध घेतलेल्या दिवशी होत नसल्याचे आढळून आले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कहून जर्मनीकडे निघालेल्या ‘जनरल बॅलू’ या सैनिकवाहू जहाजावर औषधाची पद्धतशीर चाचणी घेण्यात आली आणि त्याचा गुण सिद्ध झाला. हेच डायमेनहायड्रिनेट होय. त्याच गटातील मेक्लिझीन, सायक्लिझीन, सिनॅरिझीन व प्रोमेथॅझीन ही औषधे पुढे प्रचारात आली. भारतात प्रोमेथॅझिनाचे एक संयुग ॲव्होमीन या व्यापारी नावाने प्रवाशांना चांगले परिचित आहे. ही औषधे प्रवासापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असतात. मळमळ सुरू झाल्यावर जठराची हालचाल मंदावते व गोळी तेथेच पडून राहते, म्हणून मागाहून घेतल्यास ती निष्फळ होते. झापड हा समान दोष असल्यामुळे औषध घेतलेल्याने वाहन चालवू नये व मद्य घेऊ नये. दोन वर्षांखालील बालकांना प्रोमेथॅझीन दिल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवण्याचा संभव असतो. प्रवासात मूल शांत झोपावे म्हणून ते देण्याची सवय धोक्याची आहे.

डोपामीनविरोधी औषधे : पॉल शार्पांत्ये यांनी फ्रान्समध्ये १९५० च्या अखेरीस तयार केलेले क्लोरप्रोमॅझीन हे मुख्यतः मानसिक विकारांवरील औषध म्हणून प्रसिद्धीस आले, रासायनिक संवेदनाक्षेत्र दाबून ते वांतीही थांबविते. त्याच्या गटातील प्रोक्लोरपेराझीन हे मात्र प्रामुख्याने वांती व चक्कर यांसाठीच वापरले जाते. फ्रान्समध्येच १९६४ मध्ये पुढे आलेले मेटोक्लोप्रमाइड हे याच क्षेत्रावर कार्य करते व त्याशिवाय जठर लवकर रिकामे होण्यास मदत करते. अर्धशिशीत जठर मंदावल्यामुळे वेदनाशामक गोळी शोषली जात नाही. अशा वेळी मेटोक्लोप्रमाइडाचा दुहेरी उपयोग होतो.

ही औषधे मेंदूत शिरत असल्याने हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रांतील डोपामिनाच्या कार्यातही ती अडथळा आणतात. विशेषतः मुले व तरुण व्यक्ती यांच्यात एखाद्या-दुसऱ्या मात्रेनंतर मान एकीकडे वळणे, जबडा आवळणे, जीभ बाहेर येणे, बुबुळे वर फिरून तशीच राहणे असे प्रकार अचानक घडतात. शुद्ध पूर्णपणे कायम असल्यामुळे रुग्ण भेदरतो. नातेवाइकांना हे दृश्य धनुर्वात, फेफरे, क्वचित बाहेरची बाधा वाटते, आणि उलटीसाठी दिलेल्या इंजेक्शनाची आठवण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. योग्य निदान झाल्यास ॲसिटिलकोलीनविरोधी वा हिस्टामीनविरोधी औषधाच्या अंतःक्षेपणाने (इंजेक्शनाने) काही मिनिटांत सर्व लक्षणे नाहीशी होतात. दीर्घकाल वापरानंतर, विशेषतः वृद्ध स्त्रियांत, ओठ व जीभ यांच्या अनैच्छिक हालचाली कायमच्या जडू शकतात. या कारणाने २००९ मध्ये अमेरिकेत मेटोक्लोप्रमाइडावर कडक इशारा छापणे सक्तीचे झाले आणि २०१३ मध्ये यूरोपात त्याचा वापर जास्तीत जास्त पाच दिवसांपुरता मर्यादित करण्यात आला.

बेल्जियममध्ये १९७० नंतरच्या दशकात तयार झालेले डोंपेरिडोन रक्त-मस्तिष्क रोध सहसा ओलांडत नाही, परंतु रोधाबाहेरील संवेदनाक्षेत्रावर कार्य करते. त्यामुळे वरील उपद्रव त्यात क्वचितच होतो. परंतु निर्दोष औषध म्हणून त्याला मिळालेली प्रतिष्ठा टिकली नाही. मोठ्या मात्रेत, वयाची साठी उलटलेल्या व्यक्तींत किंवा विशिष्ट जंतुनाशके व कवकनाशके यांच्याबरोबर घेतल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय धोकादायक रीतीने बिघडू शकते. यूरोपात २०१४ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आले. आपल्याकडे आम्लपित्ताच्या कॅप्सूलमध्ये ते मिसळलेले असते व महिनोन्‌महिने घेतले जाते; या सवयीचे समर्थन करणे कठीण आहे.

कर्करोगचिकित्सा व वांती : सिसप्लॅटीन हे प्लॅटिनमयुक्त औषध १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळून प्रचारात आले. वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगातही त्यामुळे रुग्ण बरे होऊ लागले. परंतु प्रतिबंधक उपाय न केल्यास ते घेणाऱ्या बहुतेक सर्वांना तीव्र वांती होत असे. बरे करणारे औषध हाताशी असूनही केवळ वांती सहन न झाल्याने कित्येक रुग्ण उपचार अर्धवट सोडीत. काहींना तर पुढील खेपेला रुग्णालयाचे दार दिसताच ओकारी येई. ही मेंदूने शिकलेली वांती असून ती एकदा जडली म्हणजे औषधांना दाद देत नाही. पहिल्याच खेपेला पूर्ण प्रतिबंध करणे हा तिच्यावरील खरा उपाय होय.

मेटोक्लोप्रमाइड नेहमीच्या कितीतरी पट मात्रेत शिरेतून दिल्यास सिसप्लॅटिनाची वांती कमी होते, असे ग्राला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखविले. एवढ्या मात्रेत हे औषध सेरोटोनिनाच्या एका विशिष्ट प्रकारच्या ग्राहींनाही रोखते, हे पुढे स्पष्ट झाले. मग डोपामिनाला हात न लावता केवळ हेच ग्राही रोखणारी औषधे शोधण्यात आली. त्यांपैकी ऑनडॅन्सेट्रॉन हे १९९० च्या सुमारास ब्रिटन व अमेरिका येथे उपलब्ध झाले. रासायनी चिकित्सेमुळे आतड्यातील कोशिका सेरोटोनीन सोडतात आणि हे औषध प्राणेशा तंत्रिकेच्या टोकाशीच ती वार्ता अडविते. झापड येत नाही, मान वळत नाही. बद्धकोष्ठ व डोकेदुखी हे मुख्य उपद्रव आहेत. हृदयाच्या विद्युत् लयीवर परिणाम होत असल्याने मोठी मात्रा शिरेतून एकदम देत नाहीत. यानंतरचे पॅलोनोसेट्रॉन (२००३) शरीरात अधिक काळ राहते. त्याचा अर्धकाल सुमारे ४० तासांचा आहे.

पहिल्या दिवसाची वांती अशा रीतीने आटोक्यात आली, तरी दुसऱ्या ते पाचव्या दिवसांतील विलंबित वांती राहिली. तिच्यात ‘पी’ द्रव्याचा वाटा मोठा आहे. हे द्रव्य फोन ऑयलर व गॅडम यांनी १९३१ मध्ये शोधले होते. त्याचे ग्राही रोखणारे पहिले औषध अप्रेपिटंट हे २००३ मध्ये उपलब्ध झाले, म्हणजे मधे ७० हून अधिक वर्षे गेली. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडाची जोड दिल्यास दोन्ही टप्प्यांत लाभ होतो. तो नेमका कशामुळे होतो याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. या तिन्हींमध्ये ओलान्झापीन या मानसिक विकारांवरील औषधाची भर घातल्यास वांतीबरोबर मळमळही स्पष्टपणे कमी होते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत आढळले. मात्र १० मिग्रॅ. या मात्रेने रुग्ण दिवसभर गुंगीत राहत. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये २.५ मिग्रॅ. मात्रेची तुलना १० मिग्रॅ. मात्रेशी करण्यात आली. वांतीच्या नियंत्रणात लहान मात्रा कमी ठरली नाही व दिवसाची गुंगी मात्र कमी झाली, हा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध स्वस्त असल्याने या निष्कर्षाचे महत्त्व आपल्यासारख्या देशात अधिक आहे. गांजातील क्रियाशील घटकापासून बनविलेले ड्रोनॅबिनॉल व त्याच्याशी संबंधित नॅबिलोन यांना अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली. मनावरील परिणामांमुळे इतर औषधे हरल्यावरच त्यांचा विचार करतात.

गर्भिणी अवस्थेतील वांती : डोहाळ्यांची मळमळ बहुतेक स्त्रियांना पहिल्या तीन-चार महिन्यांत होते व आपोआप थांबते. तिच्या कारणाविषयी अनेक तर्क झाले. मातृत्वाविषयी स्त्रीच्या मनात असलेला नकार हेही एक कारण सांगितले जाई आणि त्यामुळे आजारी स्त्रीवर दोषाचे ओझे चढे. अपरेकडून (वारेकडून) मोठ्या प्रमाणात स्रवणारे जीडीएफ-१५ हे प्रथिन मेंदूतील संवेदनाक्षेत्रावर कार्य करून ही मळमळ उत्पन्न करते, याचा सबळ पुरावा २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. गर्भधारणेपूर्वी ज्या स्त्रियांत या प्रथिनाचे प्रमाण कमी असते त्यांना त्याची सवय नसल्याने त्रास अधिक होतो.

वांतिरोधकांच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण याच अवस्थेशी निगडित आहे. थॅलिडोमाइड हे शामक औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आले. ते अत्यंत निर्धोक मानले गेल्याने गर्भिणींच्या मळमळीवरही सर्रास दिले जाऊ लागले. गर्भधारणेनंतरच्या सुमारे २० ते ३६ दिवसांच्या काळात, म्हणजे गर्भाचे हातपाय घडण्याच्या वेळी, एक गोळीसुद्धा घातक ठरत होती. हात वा पाय नसलेली, किंवा खांद्यालाच तळवा जोडलेला असावा अशी बालके जन्माला आली. जर्मनीत व्हिडुकिंट लेन्ट्‌स व ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनी या आपत्तीचा संबंध औषधाशी जोडला आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ते जर्मनीत मागे घेण्यात आले. तोवर जगभर बाधित झालेल्या बालकांची संख्या दहा हजारांहून अधिक असावी असा अंदाज आहे. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या शासकीय अधिकारी स्त्रीने पुराव्याअभावी परवानगी रोखून धरल्याने तेथील हानी फार थोडी झाली. त्यानंतर १९६२ मध्ये अमेरिकेत औषधांविषयीचा कायदा कडक झाला.

या धसक्याचा उलट परिणामही झाला. डॉक्झिलामीन व पिरिडॉक्सीन (ब६ जीवनसत्त्व) यांचे मिश्रण १९५६ पासून अमेरिकेत विकले जाई व ते तीन कोटींहून अधिक स्त्रियांनी घेतले होते. त्यामुळे जन्मजात व्यंगे होतात असे आरोप होऊन खटले सुरू झाल्याने १९८३ मध्ये उत्पादकांनी ते बंद केले. व्यंगांचे प्रमाण त्यानंतर घटले नाही. तीव्र वांतीसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या गर्भिणींचे प्रमाण मात्र वाढले. अनेक अभ्यासांत मिश्रण निर्दोष ठरून २०१३ मध्ये ते अमेरिकेत पुन्हा मान्य झाले. आज गर्भिणीला औषध देण्याची वेळ आलीच तर प्रथम याच मिश्रणाचा विचार करतात. ऑनडॅन्सेट्रॉन पहिल्या तीन महिन्यांत घेतल्यास दर दहा हजार जन्मांमागे टाळू वा ओठ दुभंगण्याचे सुमारे तीन प्रकार अधिक होतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात आढळले; म्हणून ते दुसऱ्या फळीत ठेवलेले आहे.

थोड्या स्त्रियांत वांती इतकी अनावर होते की, वजन घटते व पाण्याचा घोटही टिकत नाही. अशा वेळी ‘डोहाळे आहेत, होईल बरे’ असे म्हणून वाट पाहणे घातक असते. शिरेतून द्रव द्यावा लागतो, आणि ग्लुकोज देण्यापूर्वी थायामीन (ब१ जीवनसत्त्व) देणे अत्यावश्यक असते. अन्यथा शरीरातील उरलासुरला थायामिनाचा साठा ग्लुकोजच्या चयापचयात संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

शस्त्रक्रियोत्तर वांती : संवेदनाहरणानंतरच्या वांतीचा संभव आधी वर्तविता येतो. स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी असा त्रास झालेला असणे अथवा गाडी लागण्याची प्रवृत्ती असणे आणि शस्त्रक्रियेनंतर अफूगणातील वेदनाशामके द्यावी लागणे ही चार लक्षणे आप्फेल यांनी १९९९ मध्ये निश्चित केली. एकही नसल्यास संभव सुमारे १० टक्के, तर चारही असल्यास सुमारे ८० टक्के असतो. (धूम्रपानाच्या बाजूने सांगता येण्यासारखी ही बहुधा एकमेव गोष्ट असावी.) ऑनडॅन्सेट्रॉन, डेक्सामेथासोन व ड्रोपेरिडॉल यांपैकी प्रत्येक औषध हा संभव सुमारे एकचतुर्थांशाने कमी करते व त्यांचे परिणाम परस्परांत मिळविता येतात, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीत दिसून आले.

बालकांतील वांती व वापरातील दक्षता : जुलाब-उलट्या झालेल्या बालकाला वांतीपेक्षा निर्जलीभवनापासून अधिक धोका असतो. उलटी होते म्हणून पाणी बंद करण्याची जुनी पद्धत चुकीची आहे. उलटीनंतर सुमारे दहा मिनिटे थांबून जलसंजीवनी चमच्याचमच्याने देत राहिल्यास बहुतेक मुलांना ती पचते. ती टिकत नसेल, तर वैद्याच्या सल्ल्याने ऑनडॅन्सेट्रॉनाची एक मात्रा दिल्याने शिरेतून द्रव देण्याची वेळ पुष्कळदा टळते. मेटोक्लोप्रमाइड व प्रोक्लोरपेराझीन ही मुलांना शक्यतो देत नाहीत.

निदान होण्यापूर्वी वांती दाबून टाकणे काही विकारांत जीवावर बेतते. पोटात कळा येऊन हिरवी वा विष्ठेसारखी वांती होणे आतड्याच्या अवरोधाचे, डोक्याला मार लागल्यावर किंवा सकाळी डोकेदुखीबरोबर वांती होणे मस्तिष्कातील दाब वाढल्याचे आणि मधुमेही व्यक्तीत वांतीबरोबर दीर्घ श्वसन सुरू होणे रक्तातील कीटोन-आम्लतेचे लक्षण असू शकते. रक्ताची वांती, विषबाधा व तान्ह्या मुलाची जोरदार वांती यांतही वांतिरोधक देऊन थांबणे योग्य नव्हे.

औषधाविना करावयाच्या उपायांपैकी मनगटाच्या आतील बाजूस, घडीपासून तीन बोटे वर, दोन स्नायुबंधांमधील बिंदू दाबणे हा चिनी वैद्यकातील उपाय शस्त्रक्रियोत्तर मळमळीत काही प्रमाणात उपयोगी पडतो. इंजेक्शनापूर्वी त्वचा पुसण्यासाठी वापरण्यात येणारा आयसोप्रोपिल अल्कोहॉलाचा बोळा नाकाशी धरून खोल श्वास घेतल्यास तातडीच्या सेवेत आलेल्या रुग्णांची मळमळ ऑनडॅन्सेट्रॉनाच्या गोळीपेक्षाही लवकर उतरते, असे २०१८ च्या एका चाचणीत आढळून आले आहे. हा परिणाम थोडाच वेळ टिकतो. तथापि गोळीचा गुण येईपर्यंतच्या काळात तो पुरेसा होतो.